डबल ओटी, पण कशाच्या डबल?

मी टाइम ऑफिसात, म्हणजे हजेरी आणि तासांची नोंद होते तिथे, बसायचो. पगाराच्या दुसऱ्या दिवशी आमच्या खिडकीत एक वही यायची. पुठ्ठा फाटलेली, तेलाच्या बोटांचे ठसे उमटलेली. लेथवर काम करणारे एक जुने ऑपरेटर रोज आत येण्याची आणि बाहेर पडण्याची वेळ त्यात टिपून ठेवत. एका महिन्यात त्यांच्या वहीत ओव्हरटाइमचे, म्हणजे ओटीचे, ४१ तास होते आणि माझ्या पत्रकात ४०. एका तासावरून आम्ही वीस मिनिटं वाद घातला. शेवटी गेटच्या रजिस्टरमध्ये नोंद सापडली, तास त्यांचा निघाला, मी १०० रुपये पुढच्या महिन्यात लावून दिले आणि ते समाधानाने परत गेले.

खरा घोटाळा त्या तासात नव्हताच. तो १०० या आकड्यात होता. आम्ही दोघं तासांवर भांडलो, दराकडे दोघांनीही पाहिलं नाही. त्यांना वाटत होतं डबल मिळतोय. कागदावर डबलच होता, पण नुसत्या बेसिकच्या, म्हणजे मूळ वेतनाच्या, डबल.

म्हणून हा लेख नेहमीच्या क्रमाने लिहिलेला नाही. ओटीचा हिशोब म्हणजे तास गुणिले दर गुणिले दोन, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. त्यातला ‘दोन’ वादाचा नाही. आधी दर कसा काढायचा ते पाहू, मग तास.

कायदा काय म्हणतो, थोडक्यात

१९४८ च्या कारखाने अधिनियमाचं, म्हणजे आपल्या फॅक्टरी अॅक्टचं, कलम ५९ सांगायचं की दिवसात ९ तासांपेक्षा किंवा आठवड्यात ४८ तासांपेक्षा जास्त काम झालं, तर वरच्या तासांना साध्या दराच्या दुप्पट मोबदला द्यायचा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता लागू झाल्या आणि त्या अधिनियमाची जागा त्यांनी घेतली. त्यांतली वेतन संहिता (२०१९ ची, कलम १४) आणि कामाच्या ठिकाणची सुरक्षा, आरोग्य व कामाची परिस्थिती यांविषयीची संहिता (२०२० ची, कलम २७) ओटीबद्दल बोलतात. दोन्हींत दर दुप्पटच आहे. दुकानं, हॉटेलं, ऑफिसं यांच्यासाठी महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा आहे, त्यातही दुप्पटच.

तेव्हा ‘सिंगल ओटी’ नावाचा जो प्रकार लहान युनिटांमध्ये चालतो, वेगळ्या व्हाउचरवर सही घेऊन रोख हातात देण्याचा, त्याला कायद्यात जागा नाही. कामगाराने खुशीने सही केली म्हणूनही तो कायदेशीर ठरत नाही.

बदल झाला आहे तो ‘कशाच्या दुप्पट’ यात. तिथे जरा थांबावं लागेल.

पहिली पायरी: पगार स्लिप समोर घ्या

त्या ऑपरेटरची स्लिप साधारण अशी होती. आकडे मी गणिताच्या सोयीसाठी गोल केले आहेत, पण रचना तीच आहे:

बेसिक १०,४०० रुपये
महागाई भत्ता ५,२०० रुपये
घरभाडे भत्ता ३,१२० रुपये
वाहतूक व इतर भत्ते २,०८० रुपये
एकूण २०,८०० रुपये

आता तासाचा दर काढू. महिन्याच्या रकमेला २६ ने भागलं की दिवसाचा दर येतो, त्याला ८ ने भागलं की तासाचा.

नुसता बेसिक धरला तर १०,४०० भागिले २६ म्हणजे ४००, भागिले ८ म्हणजे ५० रुपये तास. डबल १००.

बेसिक अधिक महागाई भत्ता धरला तर १५,६०० भागिले २६ म्हणजे ६००, भागिले ८ म्हणजे ७५. डबल १५०.

सगळे भत्ते धरले तर २०,८०० भागिले २६ म्हणजे ८००, भागिले ८ म्हणजे १००. डबल २००.

पहिली आणि तिसरी ओळ पुन्हा वाचा. बेसिकवर काढलेला डबल आणि पूर्ण पगारावर काढलेला सिंगल, दोन्ही १०० रुपयेच. म्हणजे त्या माणसाला दिवसाच्या साध्या तासाला जेवढे पैसे पडत होते, तेवढेच रात्री नऊपर्यंत थांबून पडत होते. स्लिपवर मात्र ‘ओटी (डबल)’ असं छापलेलं. ४० तासांना ४,०००. कलम ५९ प्रमाणे तेच ८,००० व्हायला हवे होते.

दुसरी पायरी: कोणता भत्ता धरायचा

कलम ५९ ची भाषा सरळ होती. साधा दर म्हणजे मूळ वेतन अधिक कामगाराला त्या काळी लागू असलेले भत्ते. सवलतीच्या दरात धान्य किंवा इतर वस्तू मिळत असतील तर त्या सवलतीची रोख किंमतसुद्धा. वगळायच्या गोष्टी दोनच: बोनस आणि खुद्द ओव्हरटाइमचे पैसे. ‘फक्त बेसिक’ असं त्यात कुठेच लिहिलेलं नाही. तरी वर्षानुवर्षं पगाराच्या प्रोग्रॅममध्ये ओटीचं सूत्र बेसिकवर बांधलेलं असतं. कोणी एकदा बसवलं, पुढच्याने तपासलं नाही. आमच्याकडेही तसंच होतं. त्यामागे दरवेळी लबाडी असतेच असं मी म्हणणार नाही, आळस पुष्कळदा असतो. कामगाराच्या खिशाला दोन्ही सारखेच.

नव्या वेतन संहितेत वेतनाची व्याख्या वेगळी आहे. वेतन म्हणजे मूळ वेतन, महागाई भत्ता आणि असल्यास प्रतिधारण भत्ता, म्हणजे हंगाम नसताना माणूस टिकवून ठेवण्यासाठी दिलेला भत्ता. घरभाडे, वाहतूक, कमिशन, बोनस, ओटी हे बाहेर. पण त्याला एक वेसण घातली आहे: बाहेर ठेवलेल्या गोष्टींची बेरीज एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाली, तर निम्म्याच्या वरची रक्कम पुन्हा वेतनात धरायची.

वरच्या स्लिपला हे लावून पाहू. बाहेरचे भत्ते ३,१२० अधिक २,०८० म्हणजे ५,२००. एकूणाचा चौथा हिस्सा. निम्म्याच्या आत आहे, म्हणून वेतन १५,६०० आणि ओटीचा दर १५० रुपये तास.

दुसरी स्लिप घ्या, जशी ठेकेदारांकडे बऱ्याचदा दिसते. बेसिक ६,२४०, महागाई भत्ता नाही, आणि तऱ्हेतऱ्हेच्या नावांचे भत्ते मिळून १४,५६०. एकूण पुन्हा २०,८००. निम्मे होतात १०,४००. भत्ते त्यापेक्षा ४,१६० ने जास्त, म्हणून ते ४,१६० बेसिकमध्ये परत येतात आणि वेतन १०,४०० होतं. तासाला ५०, डबल १००. बेसिकवरच काढला असता तर ६० आला असता. (एवढा कमी बेसिक किमान वेतनाच्या दृष्टीनेही तपासून घ्यावा. तो या लेखाचा विषय नाही, पण स्लिप हातात आहेच तर तेही पाहून घ्या.)

माझं मत विचाराल तर नव्या व्याख्येने सगळ्यांचं भलं झालं असं नाही. बेसिक कृत्रिमरीत्या कमी ठेवणाऱ्यांना तिने लगाम घातला हे खरं. पण जिथे जुन्या कलमाप्रमाणे घरभाड्यासकट हिशोब होत होता, तिथे दर खाली आणायला ती निमित्त ठरू शकते. म्हणून दोन गोष्टी ध्यानात ठेवा. २१ नोव्हेंबर २०२५ च्या आधीच्या महिन्यांचा ओटी तपासायचा तर कलम ५९ ची व्याख्या धरायची. आणि युनियनच्या करारात ओटीचा दर कायद्यापेक्षा चांगला ठरलेला असेल तर तो करार धरायचा. कायदा हा खालचा मजला आहे, छत नाही.

तिसरी पायरी: २६ की ३०

हा वाद दिसायला बारीक, पण दर महिन्याला पैसे खातो. १५,६०० ला ३० ने भागलं तर दिवस ५२० रुपयांचा होतो, तास ६५ चा, डबल १३०. २६ ने भागलं तर १५०. ४० तासांना ८०० रुपयांचा फरक.

२६ का? महिन्याच्या पगारात माणूस ३० दिवस राबत नाही. चार रविवार सोडून जे दिवस उरतात त्यांत तो हा पगार कमावतो. किमान वेतनाच्या हिशोबातही दिवसाचा दर गुणिले २६ म्हणजे महिना ही रुळलेली रीत आहे. ग्रॅच्युइटीतही भागाकार २६ नेच होतो. पगार वाटताना २६ आणि ओटी काढताना ३०, असं एकाच कारखान्यात दिसलं तर तिथेच बोट ठेवा. गैरहजेरीचा दिवस किती रुपयांनी कापला तेही पाहा. माझ्या अनुभवात कापताना २६ ने भागतात आणि देताना ३० ने. स्लिपच्या दोन ओळी शेजारीशेजारी ठेवून दाखवल्या की हिशोबनीस फारसं बोलत नाही.

रोजंदारीवर असाल तर हे सगळं सोपं आहे: रोजाची रक्कम भागिले ८.

पीस रेटवर, म्हणजे नगावर काम करणाऱ्यांना ‘तुमचा तासाचा दरच नाही, ओटी कसला’ असं ऐकवलं जातं. कलम ५९ मध्ये याचंही उत्तर होतं. ज्या महिन्यात ओटी केला त्याच्या लगेच आधीच्या महिन्यात, त्याच कामावर, प्रत्यक्ष भरलेल्या दिवसांची सरासरी कमाई काढायची, ओटीची कमाई वगळून. समजा गेल्या महिन्यात २५ दिवस भरले आणि १७,५०० रुपये झाले. दिवसाला ७००, तासाला ८७ रुपये ५० पैसे, डबल १७५.

चौथी पायरी: तास मोजा

आता वही उघडा. मोजायच्या रेषा दोन: रोजची आणि आठवड्याची. फॅक्टरी अॅक्टप्रमाणे रोजची ९ तासांवर होती, आठवड्याची ४८ वर. तुमच्या कारखान्यात रोजची रेषा ८ वर असेल, नियमाने किंवा कराराने, तर खालच्या उदाहरणांत ९ च्या जागी ८ घाला. पद्धत बदलत नाही. पाळीच्या वेळा खात्यात फलकावर लावलेल्या असतात, त्यांचा फोटो काढून ठेवा. जेवणाची अर्ध्या तासाची सुट्टी कामाच्या तासांत धरायची नाही. मात्र त्या अर्ध्या तासात मशीन सोडायला परवानगी नसेल, डबा तिथेच उभ्याने खावा लागत असेल, तर ती सुट्टी नव्हे, आणि तसं लेखी मांडायला हरकत नाही.

पाळी सकाळी ८ ते दुपारी ४:३० धरू, मध्ये अर्धा तास जेवण. एक आठवडा असा गेला:

सोमवार: ८ ते ४:३०, म्हणजे ८ तास
मंगळवार: ८ ते रात्री ८, जेवण वजा करून ११.५ तास
बुधवार: ८ तास
गुरुवार: ८ ते संध्याकाळी ६:३०, म्हणजे १० तास
शुक्रवार: गैरहजर
शनिवार: ८ तास

बेरीज ४५.५. इथे टाइम ऑफिसमधून ठरलेलं उत्तर येतं: “आठवडा ४८ चा भरलाच नाही, ओटी कुठून आणू?” हे उत्तर चूक आहे. मीही ते दिलेलं आहे, म्हणून खात्रीने सांगतो. कलम ५९ मध्ये ‘दिवसात ९ किंवा आठवड्यात ४८’ असं होतं, ‘आणि’ नव्हतं. मंगळवारचे ९ च्या वरचे २.५ आणि गुरुवारचा १, मिळून ३.५ तास डबलचे. शुक्रवारी घरी राहिलात म्हणून मंगळवारची रात्र पुसली जात नाही. शुक्रवारचा पगार कापला गेला आहे, तेवढी शिक्षा झाली.

आणि मंगळवार-गुरुवारचा तो आठ ते नऊमधला तास? पाळी ८ तासांची, रेषा ९ वर, म्हणजे हा एकेक तास दोन्हींच्या मधे लोंबकळतो. तो डबलचा नाही, पण फुकटचाही नाही. त्याला साधा दर लागतो. वरच्या स्लिपने हिशोब केला तर ३.५ तास गुणिले १५० म्हणजे ५२५, आणि २ तास गुणिले ७५ म्हणजे १५०. आठवड्याचे ६७५ रुपये. हे दोन साधे तास बहुतेक पत्रकांत सापडतच नाहीत, मधल्या मधे विरून जातात.

उलट प्रकारचा आठवडा पाहा. सोमवार ते शनिवार रोज अर्धा तास जास्त, म्हणजे साडेआठ. कुठलाच दिवस ९ ओलांडत नाही. पण सहा दिवसांचे ५१ होतात आणि ४८ च्या वरचे ३ तास डबलचे. “अर्ध्या तासाचा काय ओटी लावायचा” असं सुपरवायझर म्हणतो तेव्हा त्याला शनिवारची बेरीज दाखवावी.

दोन्ही रेषा एकदम ओलांडल्या तर? सोमवारी ११ तास, बाकी पाच दिवस ८. बेरीज ५१. रोजच्या रेषेने २ तास, आठवड्याच्या रेषेने ३. दोन्ही मिळवून ५ मागू नका. सोमवारचे दोन तास त्या तिनातच बसलेले आहेत, एकच तास दोनदा मोजता येत नाही. ज्या रेषेने जास्त निघतात ते घ्या, इथे ३. सुरक्षेच्या संहितेच्या कलम २७ मध्ये हेच लिहिलं आहे: दिवसावर किंवा आठवड्यावर, यांपैकी कामगाराच्या जास्त फायद्याचा असेल तो हिशोब. हे वाक्य पाठ करून ठेवण्यासारखं आहे.

मोजणी आठवड्याआठवड्याने करा, महिन्याच्या बेरजेने नव्हे. “पहिल्या आठवड्यात ५४ झाले, पण तिसऱ्यात ४२ होते, सरासरी ४८ आली” ही चलाखी चालत नाही. फॅक्टरी अॅक्टचा आठवडा शनिवारच्या मध्यरात्री सुरू व्हायचा, वेगळी रात्र मंजूर करून घेतली नसेल तर. महिना मधेच संपला तरी आठवडा तोडायचा नाही.

रात्रीचे बारा आणि पंचिंग मशीन

माझ्या आठवणीतली सगळ्यात वाईट चूक मशीनची होती, निदान मी तिच्यावर ढकलली. दुसऱ्या पाळीचा माणूस दुपारी ४ ला आला. रात्री १२ ला रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस, आला नाही. भट्टी सोडून जाता येत नाही, म्हणून तो सकाळी ८ पर्यंत थांबला. सलग १६ तास. पत्रकात त्याच्या नावापुढे शून्य ओटी. का, तर पंचिंगच्या प्रोग्रॅमने रात्री १२ ला दिवस तोडला: काल ८ तास, आज ८ तास, दोन दिवसांच्या दोन हजेऱ्या. त्यात तो दमून दुसऱ्या दिवशी आलाच नाही, तरी ‘आज’ त्याची हजेरी आधीच लागलेली होती, त्यामुळे सगळं कसं जुळून आलं. मीही सही करून पत्रक पुढे पाठवलं. महिन्याने तो खिडकीत येऊन म्हणाला, “साहेब, त्या रात्री मी घरी गेलो होतो का?”

फॅक्टरी अॅक्टचं कलम ५७ नेमकं यासाठी होतं, आणि नव्या सुरक्षेच्या संहितेतही तशीच तरतूद आहे. पाळी मध्यरात्र ओलांडून गेली तर मध्यरात्रीनंतरचे तास आदल्या दिवसात मोजायचे. दुसरा दिवस पाळी संपल्यापासून पुढचे २४ तास. म्हणजे त्याच्या त्या दिवसाचे १६ तास होते, त्यातले ७ डबलचे. आता, १६ तास कामावर ठेवणं हाच कायद्याचा भंग आहे. पण मर्यादा मोडली म्हणून पैसे बुडत नाहीत. चूक मालकाची, तिची किंमत कामगाराने द्यायची नसते. तिसरी पाळी करणाऱ्यांनी आणि ‘डबल ड्युटी’ करणाऱ्यांनी स्लिपमध्ये ही एक गोष्ट सगळ्यात आधी तपासावी.

मिनिटांच्या कापाकापीबद्दलही इथेच सांगतो. दहा मिनिटं उशीर झाला तर अर्धा तास कापायचा आणि पंचवीस मिनिटं जास्त थांबलं तर काहीच धरायचं नाही, असं सेटिंग अनेक मशीनवर असतं. गैरहजेरीची कपात गैरहजर वेळेच्या प्रमाणातच करता येते, त्याहून जास्त नाही. जाताना अर्ध्या तासाचा टप्पा लावणार असाल तर येतानाही तोच न्याय लावा, एवढं म्हटलं तरी पुष्कळ सुधारतं.

रविवार

मुंबईच्या गिरण्यांतल्या कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने, १० जून १८९० ला. तोवर गिरणी सातही दिवस चालायची. ही आठवण अशासाठी की रविवारी कामावर बोलावणं ही आजही किरकोळ गोष्ट मानलेली नाही.

रविवारचं काम दोन प्रकारांनी होतं. पहिला, आधी किंवा नंतरच्या तीन दिवसांत पूर्ण दिवस सुट्टी देऊन अदलाबदल केली. त्याच आठवड्यातले सहा दिवस भरले आणि बेरीज ४८ च्या आत राहिली, तर ओटी नाही. दुसरा, सहा दिवस भरून वर रविवारही भरला. मग ते ८ तास ४८ च्या वरचे, म्हणून डबलचे. शिवाय बुडालेल्या सुट्टीच्या बदल्यात त्या महिन्यात किंवा पुढच्या दोन महिन्यांत एक बदली सुट्टी. लोक इथे फसतात. “सी-ऑफ देतो, ओटी सोडा” असा सौदा होतो. बदली सुट्टी विश्रांतीसाठी आहे, डबल पैसे जास्तीच्या तासांसाठी आहेत. एक दिलं म्हणून दुसरं फिटत नाही.

बाकीचे अडथळे

नावापुढे ‘सुपरवायझर’ लावून ओटी बंद केला जातो. संहितेतल्या कामगाराच्या व्याख्येतून देखरेखीचं काम करून महिन्याला १८,००० रुपयांपेक्षा जास्त वेतन घेणारे बाहेर पडतात, तेव्हा हा मुद्दा अगदीच पोकळ नाही. पण पाहायचं असतं ते प्रत्यक्ष काम. दिवसभर स्वतः मशीन चालवणारा माणूस व्हिजिटिंग कार्डाने सुपरवायझर होत नाही.

कंत्राटी कामगाराला पगार ठेकेदाराने द्यायचा. त्याने नाही दिला तर जबाबदारी मूळ मालकावर येते. “तुमचं ठेकेदाराशी बघा” हे उत्तर शेवटचं मानू नका.

ओटीच्या रकमेतून पीएफ कापला जात नाही. तो कमी कापला म्हणून खूश होऊ नका आणि कापला नाही म्हणून भांडूही नका. आयकराच्या हिशोबात मात्र ओटी पगारातच धरला जातो.

आणि ओटीला नाही म्हणता येतं का? सुरक्षेच्या संहितेच्या कलम २७ प्रमाणे ओटीला कामगाराची संमती लागते. गेटवर अडवून “आज सगळे थांबणार” म्हणणं ही संमती नव्हे. पण खरं सांगायचं तर बहुतेक ठिकाणी अडचण उलटी असते. ओटीशिवाय घर चालत नाही, म्हणून माणूस स्वतःच मागून घेतो आणि मग दराबद्दल तोंड उघडत नाही. ती भीती मला खिडकीतून रोज दिसायची.

फरक निघाला तर

आधी कागद जमवा: तीन-चार महिन्यांच्या पगार स्लिपा, स्वतःची वही, पंचिंगचे मिळतील ते उतारे, पाळीच्या फलकाचा फोटो. मग एका पानावर आठवडेवार हिशोब मांडा. आठवडा, एकूण तास, डबलचे तास, दर, व्हायला हवी ती रक्कम, मिळालेली रक्कम, फरक. सात रकाने पुरतात. आरोप, विशेषणं, काही लिहू नका. मी ज्या बाजूला बसायचो तिथून सांगतो: रागाचं चार पानी पत्र बाजूला ठेवता येतं, सात रकान्यांचा तक्ता ठेवता येत नाही. त्याला आकड्यानेच उत्तर द्यावं लागतं.

हा तक्ता पगार विभागाला द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. युनियन असेल तर तिच्यामार्फत द्या, एकटं नाव पुढे येत नाही. तिथे दाद लागली नाही तर कामगार आयुक्तांचं कार्यालय आहे. कारखान्यातल्या कामाच्या तासांची तक्रार असेल तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयही आहे. वेतन संहितेखाली थकलेल्या रकमेचा दावा तीन वर्षांच्या आत करता येतो. तो कामगार स्वतः करू शकतो, त्याची नोंदणीकृत युनियनही करू शकते. प्राधिकाऱ्याला मूळ रकमेशिवाय तिच्या दहापटीपर्यंत भरपाई द्यायला लावण्याचा अधिकार आहे. आणि पैसे दिले होते हे सिद्ध करायचं ओझं मालकावर आहे, तुमच्यावर नाही.

तरी वही लिहीत राहा. त्या ऑपरेटरने मी नोकरी सोडायच्या सुमारास नवीन वही आणली होती, तीन रकान्यांची. आत, बाहेर आणि तिसऱ्यावर त्यांनी पेनाने लिहिलं होतं: ‘दर’.